डीफॉल्ट? ते गुपितच राहू द्या

कमांड लाइनवर चालणारी स्क्रिप्ट लिहून झाली? मग तिची हेल्प (कोणता पर्याय काय करतो, हे सांगणारा मजकूर) लिहिताना एक पथ्य पाळा : पर्याय दिलाच नाही तर काय होईल, म्हणजे डीफॉल्ट काय, हे चुकूनही सांगू नका. ‘टाइमआउट : सेकंदांत टाइमआउट’ एवढं पुष्कळ झालं. ३० की ३००, हे ज्याला हवं त्याने सोर्स उघडून बघावं. एरवी तुमचा कोड वाचतंय कोण?

पायथनवाल्यांचं निम्मं काम आयतंच झालंय. आर्गपार्स (पर्याय वाचून हेल्प छापणारं पायथनचं मॉड्यूल) आपणहून डीफॉल्ट दाखवत नाही. त्यासाठीचा आर्ग्युमेंटडीफॉल्ट्सहेल्पफॉर्मॅटर मुद्दाम सांगावा लागतो. नुसतं नाव वाचूनच दमायला होतं, तेव्हा राहू द्या. गो भाषा वापरणाऱ्यांची मात्र कीव येते. तिथलं हेच काम करणारं फ्लॅग पॅकेज कुणी न विचारता डीफॉल्ट छापून मोकळं होतं. (किंमत शून्य किंवा रिकामी असेल तर गप्प बसतं, तेवढाच दिलासा.)

कुणी फारच मागे लागलं, तर आकडा हाताने लिहा : ‘थ्रेडची संख्या, डीफॉल्ट ४’. मजकुरात योग्य खूण टाकली की आर्गपार्स खरी किंमत स्वतःच भरतो, हे ठाऊक असलं तरी विसरा. पुढे कधीतरी कोडमध्ये ४ चे १६ होतील आणि हेल्प ४ वरच ठाम राहील. मुक्या हेल्पवर कुणी विसंबत नाही हो. चुकीच्या हेल्पवर मात्र लोक डोळे झाकून विसंबतात. हे यश थोडं थोडकं नाही.

हौसच असेल तर तो लांब नावाचा फॉर्मॅटर लावा आणि पुन्हा हेल्पकडे ढुंकूनही बघू नका. ज्या पर्यायाला हेल्पचा मजकूरच नाही, तिथे तो काही दाखवणार नाही. आउटपुट फोल्डरपुढे ‘डीफॉल्ट : नन’ (म्हणजे काहीच नाही) येईल, आत तुम्ही चालू फोल्डर धरता, ते तुमचं तुमच्यापाशी. टोकनचं (म्हणजे पासवर्डसारख्या गुप्त किल्लीचं) डीफॉल्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (स्क्रिप्टबाहेर, सिस्टिममध्ये ठेवलेल्या किमतीतून) उचलत असाल तर दुधात साखर : हेल्प मागितली की अख्खं टोकन स्क्रीनवर. ‘ही स्क्रिप्ट कशी चालवायची?’ म्हणून त्याच स्क्रीनचा फोटो कुणीतरी सगळ्यांना पाठवेलच.

आणि स्क्रिप्ट जुन्या फाइली उडवणारी असेल, तर ड्राय रन (खरं काही न उडवता नुसती रंगीत तालीम) मुळात चालू असतो की बंद, याबद्दल चकार शब्द नको. फाइली गेल्यावर कुणी विचारायला आलं तर शांतपणे म्हणा, ‘पर्याय दिला होता की हेल्पमध्ये!’