चार छटांत मावलेला स्मॅश ब्रदर्स

फायटिंग गेम मनापासून खेळणाऱ्या कित्येकांनी 'सुपर स्मॅश लँड'चं नावही ऐकलेलं नसतं, आणि याचं मला दर वेळी वाईट वाटतं. डॅन फोर्नेस या डेव्हलपरनं २०११ साली हा गेम बनवला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. निन्टेन्डोच्या वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी भिडवणारा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' १९९९ साली निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर आला. तोच गेम त्याच्या दहा वर्षं आधीच्या गेम बॉयवर, निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, निघाला असता तर कसा झाला असता? या प्रश्नाचं उत्तर त्यानं वाद घालून दिलं नाही, करून दाखवलं. गेम चालतो कॉम्प्युटरवर, पण सगळा थाट गेम बॉयचा.

हा थाट सांभाळणं किती अवघड आहे ते आकड्यांतून कळतं. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, म्हणजे अवघे २३,०४० ठिपके. फुल एचडी पडद्यावर याच्या बरोबर ९० पट ठिपके असतात. रंगांच्या नावानं चार छटा, आणि हलणाऱ्या आकृतीच्या वाट्याला त्यातल्या तीनच, कारण चौथी जागा पारदर्शक भागासाठी जाते. आवाजाला चार चॅनेल. संगीत चालू असताना फटक्याचा आवाज काढायचा तर त्या चारांपैकी एकाला तेवढ्यापुरतं गप्प करावं लागतं. दिशांची कळ सोडली तर खेळण्याच्या कामाची बटणं दोन.

आता या जागेत मारिओ, लिंक, किर्बी आणि पिकाचू या निन्टेन्डोच्या पात्रांना बसवा. मारिओचा लाल रंग गेला, लिंकचा हिरवा अंगरखा गेला, पिकाचूचा पिवळा गेला. उरली ती फक्त बाह्यरेषा. मारिओ टोपीवरून ओळखायचा, लिंक तलवारीवरून, पिकाचू कानांवरून, किर्बी गोलाईवरून. आणि ओळखू येतात! मूळ पात्रं आखणाऱ्यांनी किती पक्कं काम करून ठेवलंय हे मला झगमगीत एचडी आवृत्तीत कधी इतकं जाणवलं नव्हतं.

'हे सगळं जुन्या आठवणींचं भांडवल आहे' असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. चांगला डीमेक, म्हणजे नवा गेम जुन्या यंत्राच्या मर्यादांत पुन्हा बनवणं, हा मूळ गेमचा अभ्यास असतो. काय काढलं तरी गेम जिवंत राहतो आणि काय काढलं की मरतो, हे त्यात उघड होतं.

स्मॅशचंच बघा. बाकीच्या बहुतेक फायटिंग गेममध्ये आयुष्याची पट्टी असते, ती संपली की तुम्ही हरलात. स्मॅशमध्ये उलट टक्केवारी वाढत जाते. जितके टक्के जास्त, तितके तुम्ही फटक्यासरशी लांब उडता, आणि पडद्याच्या हद्दीबाहेर गेलात की एक जीव गेला. दहा टक्क्यांवर जो फटका गुदगुल्या करतो तोच शंभरावर तुम्हाला उडवून लावतो. त्यामुळे कोपऱ्यात सापडलेला माणूसही कड पकडून परत येऊ शकतो, आणि जिंकत आलेल्यालाही शेवटपर्यंत धाकधूक असते. या सगळ्याला लागतो एक आकडा आणि चार कडा. २३,०४० ठिपक्यांत ते आरामात मावतं.

फटका 'बसला' असं वाटण्याचंही तसंच. जोरदार फटका लागला की मारणारा आणि खाणारा, दोघंही काही फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) जागच्या जागी थिजतात आणि मग खाणारा भिरकावला जातो. याला हिटस्टॉप म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये हे थिजणं डोळ्याला वेगळं दिसतही नाही, हाताला मात्र वजन जाणवतं. ही फ्रेमची करामत आहे, पिक्सेलचा तिच्याशी संबंध नाही. चित्र कितीही बारीक करा, हिशेब नीट बसवला असेल तर वजन तेवढंच राहतं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चाहत्यानं दुसऱ्याची पात्रं घेऊन गेम बनवला की परवानगीचा प्रश्न येतो, पण मूळ स्मॅशसुद्धा परवानगी घेऊन सुरू झालेला नाही. मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता यांनी एचएएल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीत जो नमुना उभा केला, त्याचं नाव 'ड्रॅगन किंग' होतं आणि त्यातल्या आकृत्यांना चेहराच नव्हता. इवाता सुट्टीच्या दिवशी बसून कोड लिहीत. पुढे साकुराईंनी मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स या निन्टेन्डोच्या पात्रांना त्यात घातलं, आणि निन्टेन्डोला विचारलं ते गेम नीट जमल्यावर. आधी विचारलं तर नकार येणार हे त्यांना ठाऊक होतं. इवाता पुढे त्याच निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले.

म्हणून चाहत्यांच्या गेमवर कंपन्यांनी सरसकट कुऱ्हाड चालवली की मला संताप येतो. सेगाच्या जुन्या गेमवर चाहत्यांनी बेतलेल्या 'स्ट्रीट्स ऑफ रेज रीमेक'वर आठ वर्षं काम चाललं होतं. २०११ मध्ये तो बाहेर आला आणि काही दिवसांतच सेगाच्या सांगण्यावरून काढून टाकावा लागला. आठ वर्षं! त्याच्या पुढच्याच वर्षी कॅपकॉमनं दुसरा रस्ता दाखवला. कॅपकॉमच्याच दोन मालिका एकत्र आणणारा 'स्ट्रीट फायटर एक्स मेगा मॅन' हा ८-बिट, म्हणजे जुन्या कन्सोलच्या धाटणीचा गेम सिंगापूरच्या एका चाहत्यानं बनवत आणला होता. कॅपकॉमनं त्याला पाठबळ दिलं आणि मेगा मॅनच्या २५ व्या वाढदिवशी, १७ डिसेंबर २०१२ ला, तो स्वतःच्या नावानं फुकट वाटला. कंपनीचं काय बिघडलं? काहीच नाही.

हक्क कंपनीचे आहेत, हे मला मान्य आहे. दुसऱ्याच्या पात्रांवर कुणी पैसे कमवायला लागलं तर त्याला अडवायलाच हवं. पण फुकट वाटलेल्या, उघडपणे प्रेमानं बनवलेल्या कामासाठी अर्ज करायची एक साधी सोय तरी असावी. कंपनीनं बघावं, अटी घालाव्यात, आवडलं नाही तर सुरुवातीलाच नाही म्हणावं. आठ वर्षं घाम गाळल्यावर नको.

फोर्नेस स्मॅश लँडवर थांबला नाही. २०१७ मध्ये त्यानं 'रायव्हल्स ऑफ एथर' आणला. यातली पात्रं त्याची स्वतःची, नियमही बरेचसे त्याचे, आणि त्यावर स्पर्धा रंगल्या. २०२४ मध्ये दुसरा भागही आला. दोन्ही भाग विकत घेता येतात, आणि घेण्यासारखे आहेत. पण जमलं तर आधी स्मॅश लँड खेळा, शेजारी कुणाला तरी बसवून.