बर्लिनमधलं फुकट म्हणजे फुटकळ नव्हे

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज फिरायला लागतो. वर 'युरोपला निघालेल्यांनी जरूर वाचा', आणि खाली बर्लिनबद्दल चार ठाम विधानं. या शहरात पावलोपावली तिकीट आहे. संसदेचा काचेचा घुमट एजंटकडून तिकीट घेतल्याशिवाय बघता येत नाही. जे फुकट आहे ते बाहेरून फोटो काढण्यापुरतं. आणि पैसे वाचवायचेच असतील तर महिन्याच्या पहिल्या रविवारी जा, त्या दिवशी सगळी म्युझियम फुकट असतात. मी बर्लिनमध्ये राहते, घरी आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवते. यंदा माझ्या मावशीने हा मेसेज वाचून बर्लिनचे दोन दिवस कापले आणि ते प्रागला दिले. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी घुमट. राइशटागच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीच्या, घुमटाला तिकीटच नाही. जर्मन संसदेच्या म्हणजे बुंडेस्टागच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख भरायची, दिवस आणि वेळ मागायची, आणि त्या दिवशी पासपोर्ट घेऊन जायचं. एवढंच. ऑडिओ गाइडसुद्धा फुकट मिळतो. कोणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या गाइडचे आहेत, प्रवेशाचे नाहीत. मात्र नोंदणी लवकर करा, उन्हाळ्यात वेळा भराभर संपतात. आणि मधूनमधून सफाईसाठी घुमट बंद ठेवतात, तेही तिथेच कळतं. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेला हा घुमट १९९९ साली खुला झाला. आतल्या चढाने गोल गोल वर जाताना मधल्या आरशांच्या शंकूभोवती खाली सभागृह दिसतं. खासदार खाली आणि सामान्य माणसं त्यांच्या डोक्यावर, हीच तर त्या रचनेतली कल्पना आहे. तिथे तिकीट लावलं असतं तर तिचा अर्थच गेला असता.

आता मला सगळ्यात जास्त लागलेलं विधान: फुकट आहे ते फोटोपुरतं.

बेर्नाउअर श्ट्रासेवर एकदा या. या रस्त्याची गोष्ट अशी, की एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये होती आणि घरांसमोरचा फुटपाथ पश्चिमेत. दार उघडून पाऊल टाकलं की माणूस दुसऱ्या राजवटीत. १३ ऑगस्ट १९६१ला सीमा बंद झाली, बर्लिनची भिंत उभी राहू लागली, मग खालची दारं बुजवली गेली, आणि लोक खिडक्यांतून उड्या टाकू लागले. २२ ऑगस्टला सकाळी ४८ नंबरच्या घरातल्या इडा झीकमान यांनी तिसऱ्या मजल्यावरून आधी गाद्या-पांघरुणं खाली टाकली आणि मग स्वतः उडी घेतली. त्या वाचल्या नाहीत. भिंतीपायी मेलेल्या किमान १४० जणांत त्या पहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता.

आज तिथे जवळपास दीड किलोमीटरचं खुलं स्मारक आहे. जिथे भिंत पडली तिथे गंजक्या रंगाच्या लोखंडी सळ्या उभ्या आहेत, त्यांच्यामधून आरपार जाता येतं. मेलेल्यांचे फोटो एका लांब चौकटीत बसवलेत. त्यात लहान मुलंही आहेत. समोरच्या इमारतीच्या मनोऱ्यावर चढलं की जतन केलेला भिंतीचा तुकडा, मधली मोकळी पट्टी आणि टेहळणीचा बुरूज वरून दिसतो. जवळच एक गोल, मातीच्या भिंतींचं छोटं चॅपल आहे. मूळचं मोठं चर्च या पट्टीत अडकलं होतं, ते पूर्व जर्मनीच्या सरकारने १९८५ साली स्फोटाने पाडलं. २०००मध्ये माती ठोकून हे नवं उभारलं, जुन्या चर्चचा राडारोडा त्या मातीत मिसळून. हात फिरवला की बोटांना विटांच्या कपच्या लागतात. भोवती राय नावाचं धान्य पिकवतात. ज्या जमिनीवर कोणी दिसलं की गोळी झाडत, तिथे पीक वाऱ्याने हलत असतं. मी तिथे पाहुण्यांना घेऊन गेले की अर्धा तास ठरवलेला असतो आणि दोन तास जातात. खर्च शून्य.

आता चेकपॉइंट चार्लीला, म्हणजे पूर्व-पश्चिम बर्लिनमधल्या जुन्या सीमेवरच्या अमेरिकी चौकीच्या जागी जा. तिथली गर्दी ज्या चौकीसमोर फोटो काढते ती प्रतिकृती आहे. १९९०मध्ये हलवलेली शेवटची खरी चौकी शहरातल्याच डालेम भागातल्या अलाइड म्युझियममध्ये आहे, आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

ही काही अपवादाची उदाहरणं नाहीत. गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय होतं त्या जागेवरचं 'टोपोग्राफी ऑफ टेरर', ज्यूंच्या संहाराचं नियोजन झालं ते वानझे तळ्याकाठचं घर, २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या होलोकॉस्ट स्मारकाखालचं माहिती केंद्र, फ्रीडरिषश्ट्रासे स्टेशनशेजारचा 'अश्रूंचा महाल' (पश्चिमेला निघालेल्यांना आप्त इथे निरोप देत), ज्यू म्युझियमचं कायमचं प्रदर्शन: सगळं विनामूल्य. करदात्यांच्या पैशातून हे चालतं आणि मुद्दाम तसं चालवलं जातं. आपल्याच राज्याने जिथे गुन्हे केले तिथे बघणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे मला या शहराचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. त्याला 'फोटोपुरतं' म्हणणं हा त्या जागांचा अपमान आहे.

भारतातून येणाऱ्यांसाठी आणखी एक. हुंबोल्ट फोरम या संग्रहालयाच्या बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची मूळ आकाराची दगडी प्रतिकृती उभी आहे, २०२२पासून. उघड्यावरच आहे, कधीही जा.

'पावलोपावली तिकीट' यात तथ्य आहे ते एवढंच: टीव्ही टॉवर आणि म्युझियम आयलंडवरची संग्रहालयं यांना पैसे पडतात, चांगले पडतात. पण त्या बेटावरच्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. बस-ट्रेनचं तिकीट मात्र काढाच, आणि कागदी असेल तर डब्यात घालून शिक्का मारून घ्या. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड ६० युरो आहे. प्राणिसंग्रहालयापासून आलेक्झांडरप्लात्झपर्यंत जाणारी १०० नंबरची बस राइशटागवरून जाते, तिला हेच साधं तिकीट चालतं.

राहिला पहिला रविवार. ही योजना खरंच होती, जुलै २०२१पासून. शहराने खर्चात कपात केली आणि २०२४च्या अखेरीस ती बंद झाली. मेसेजवर विसंबून मुद्दाम रविवार गाठणाऱ्या कुटुंबाला दारात पूर्ण तिकीट काढावं लागेल. मेसेजमधलं पैसे वाचवण्याचं एकमेव सांगणंच पैसे घालवणारं आहे, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

मावशीशी काल फोनवर बोलले. प्रागचे दोन दिवस परत बर्लिनला आलेत. सकाळी घुमट, दुपारी बेर्नाउअर श्ट्रासे, आणि संध्याकाळी टेम्पेलहोफ. २००८ साली हा विमानतळ बंद झाला, २०१०मध्ये बाग म्हणून खुला झाला आणि २०१४च्या जनमतात लोकांनी तिथे इमारती बांधू दिल्या नाहीत. धावपट्टीवर तिला चालायचंय, जमलं तर सायकलही चालवायची आहे. घुमटाच्या नोंदणीसाठी पासपोर्टवरच्या नावाचं स्पेलिंग तेवढं तिच्याकडून यायचंय.