क्वार्टरबॅकची निवड ही सोडत नव्हे

एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट (संघ कॉलेजातले खेळाडू फेरीफेरीने निवडतात तो) जवळ आला की एक मजकूर हटकून फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: पुढे यशस्वी ठरलेला टॉम ब्रेडी १९९वा निवडला गेला, तसाच ब्रॉक पर्डी २६२वा म्हणजे अगदी शेवटचा, आणि सपशेल अपयशी ठरलेला जामार्कस रसेल पहिला, तेव्हा कॉलेजातून क्वार्टरबॅक (पास टाकणारा, संघाची चाल चालवणारा खेळाडू) निवडणं ही निव्वळ लॉटरी आहे. निवडायचाच तर कॉलेजातला पासच्या अचूकतेचा टक्का (टाकलेल्या पासपैकी किती पकडले गेले) बघा, बाकी स्काउटगिरी, म्हणजे खेळाडू पारखणं, व्यर्थ. टक्का कमी असला तरी हरकत नाही, जॉश ॲलनने दाखवलंय की अचूकता शिकवता येते. उंची आणि पंजा मोजणं, वंडरलिक नावाची बुद्धिमत्ता चाचणी घेणं, सगळं थोतांड. सॅक झाली (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला गेला) तर दोष पुढच्या लाइनचा, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या फळीचा. आणि खरा गुणी खेळाडू कुठल्याही संघात चमकतोच.

या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते पटतं. एकेक घेऊ.

"ब्रेडी १९९वा, म्हणजे लॉटरी."

२००१ ते २०२४ या २४ मोसमांचे सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकून देणारे क्वार्टरबॅक मोजले तर तेरा भरतात. त्यांतले सात पहिल्या फेरीतले: पेटन मॅनिंग, ईलाय मॅनिंग, बेन रॉथलिसबर्गर, ॲरन रॉजर्स, जो फ्लॅको, पॅट्रिक माहोम्स, मॅथ्यू स्टॅफर्ड. ड्रू ब्रीझ आणि जेलेन हर्ट्स दुसऱ्या फेरीतले, रसेल विल्सन आणि निक फोल्स तिसऱ्या. त्यानंतरच्या फेऱ्यांतून आलेले दोनच, ब्रेडी आणि ब्रॅड जॉन्सन. पहिल्या फेरीत वर्षाला साधारण तीन क्वार्टरबॅक जातात, उरलेल्या सगळ्या फेऱ्यांत मिळून त्याच्या दुपटीहून जास्त. तिकिटं सारख्याच लायकीची असती तर हा हिशेब उलटा आला असता. ब्रेडीने एकट्याने २४ पैकी सात जिंकले म्हणून त्याची सहावी फेरी भरगच्च दिसते. त्याला बाजूला ठेवलं तर उरलेल्या १७ पैकी १२ पहिल्या फेरीच्या नावावर आहेत.

आणि ब्रेडीचं चित्रीकरण सगळ्यांसमोर होतं. मिशिगनमध्ये १९९९च्या मोसमात त्याला ड्रू हेन्सनबरोबर जागा वाटून घ्यावी लागली, तरी जानेवारी २०००च्या ऑरेंज बोलमध्ये त्याने अलाबामाविरुद्ध ३६९ यार्ड आणि चार टचडाउन पास टाकून मागे पडलेला सामना ३५-३४ असा जादा वेळेत काढला. संघांनी जास्त वजन दिलं ते हडकुळ्या अंगाला आणि ४० यार्ड धावायला लागलेल्या ५.२८ सेकंदांना. पुरावा होता, त्याचं मोल चुकीचं लावलं गेलं. अशी चूक पुढच्या वेळी सुधारता येते. सोडतीत सुधारण्यासारखं काही नसतं.

या दाव्याची एक भक्कम आवृत्तीही आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (२०१७चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले) यांनी दाखवलं की एकाच जागेवर खेळणाऱ्यांत आधी निवडलेला खेळाडू लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के असते. हे खरं आहे आणि गंभीरपणे घ्यावं असं आहे. पण ही तुलना शेजारच्या दोघांची आहे. दहावीत ९१ आणि ९० टक्केवाल्यांमध्ये पुढे कोण जाईल हे सांगता येत नाही, म्हणून ९० आणि ५५ सारखेच होत नाहीत. त्या निष्कर्षातून व्यवहाराचा धडा निघतो तो वेगळाच: दोन जागा वर सरकण्यासाठी पुढच्या वर्षांच्या निवडी उधळू नका.

"कॉलेजातला टक्का बघा, पुरे."

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

कॉलेजचं आणि व्यावसायिक मैदान दोन्ही १६० फूट रुंद, पण हॅशमार्कमधलं (चाल सुरू करताना चेंडू ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या मध्ये ठेवतात त्या खुणांच्या दोन रांगांमधलं) अंतर कॉलेजात ४० फूट आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजात चेंडू हॅशवर असला की एका बाजूला १०० फूट मोकळं मैदान पसरलेलं असतं, बचावाला ताणून उभं राहावं लागतं, आणि त्या बाजूचा छोटा पास जवळजवळ फुकटात मिळतो. दुसरी गोष्ट आरपीओची, म्हणजे धावायचं की पास टाकायचा हे चाल सुरू झाल्यावर ठरवण्याची. कॉलेजात लाइनमन पास सुटण्याआधी तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. त्या दोन यार्डांमुळे कॉलेजातला लाइनबॅकर (मधल्या फळीचा बचावपटू) फसतो आणि रिसीव्हर (पास पकडणारा) मोकळा सापडतो. तिसरी गोष्ट स्क्रीनची: चाल सुरू होते त्या रेषेच्या मागे टाकलेला छोटा पास आणि वीस यार्डांवर दोन बचावपटूंच्या मधून काढलेला पास, टक्क्यात दोघांचं वजन एकच. पाटा खेळपट्टीवरची सरासरी बघून कसोटीसाठी सलामीवीर निवडण्यासारखं आहे हे.

म्हणून टक्का आधी सोलून घ्यावा लागतो. स्क्रीन, रेषेच्या मागचे पास आणि आरपीओ वेगळे काढा. रिसीव्हरने हातातून सोडलेले पास क्वार्टरबॅकच्या खात्यात परत जमा करा. मुद्दाम बाहेर फेकून दिलेले चेंडू वगळा. मग उरतात ते खरे ड्रॉपबॅक, म्हणजे मागे सरकून, मैदान वाचून टाकलेले पास. मोसमाच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी चाली उरल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

त्या चाली चित्रीकरणात बघायच्या, तेही टीव्हीच्या नव्हे तर बावीसही खेळाडू दिसणाऱ्या कोनातून. एंड झोनमागचा, म्हणजे मैदानाच्या टोकामागचा, कॅमेरा मिळाला तर उत्तम, कारण पाय आणि लाइन तिथूनच दिसतात. किमान पाच सामने घ्या: सर्वांत कडक बचावाविरुद्धचा, सर्वांत वाईट, एक हरलेला, एक पावसाचा किंवा थंडीचा, आणि आधीच्या वर्षाचा एक, सुधारणा कळावी म्हणून. ठळक क्षणांच्या फितीत यातलं काहीच नसतं.

प्रत्येक चालीत निकाल बघण्याआधी नोंद करा. सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याआधी, कुठे होता आणि नंतर कुठे गेला? पहिली नजर कोणाकडे, आणि तो झाकलेला दिसल्यावर पाय नजरेबरोबर वळले का? चेंडू रिसीव्हर वळण्याआधी सुटला की वळून मोकळा दिसल्यावर? कॉलेजात दुसऱ्या प्रकारावर भागतं. एनएफएलमध्ये चेंडू हातात असतो तो सरासरी अडीच ते पावणेतीन सेकंद, आणि मोकळा दिसलेला रिसीव्हर चेंडू पोचेपर्यंत झाकला जातो. शेवटी, पास पकडला गेला एवढ्यावर समाधान मानू नका. धावत्या रिसीव्हरच्या पुढच्या खांद्यावर आला की त्याला थांबून मागे वळावं लागलं, ते लिहा. टक्क्यात दोन्ही सारखेच दिसतात, पण मागे पडलेल्या पासवर पुढचे आठ यार्ड गेलेले असतात.

दूरच्या हॅशवरून रुंद बाजूच्या रेषेकडे टाकलेला पंधरा यार्डांचा आउट (रिसीव्हर सरळ धावून बाहेरच्या बाजूला वळतो तो पास) जपून बघा. कॉलेजातल्या हॅशमुळे हा पास एनएफएलमधल्या त्याच पासपेक्षा लांब पडतो, म्हणून हाताच्या ताकदीचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. जो हा पास टाकतच नाही त्याचं उत्तर त्यातच आलं.

"अचूकता शिकवता येते, ॲलन बघा."

ॲलनचा वायोमिंगमधला टक्का ५६ च्या आसपास होता, पहिल्या वर्षी एनएफएलमध्ये, बफेलोत, ५२.८, आणि २०२० मध्ये ६९.२. विलक्षण झेप आहे, आणि तिच्यामागे पायांच्या ठेवणीवरचं काम, आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन डेबोलची एकसलग आखणी आणि २०२० मध्ये आलेला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज, हे सगळं आहे. पण त्या झेपेवर बेतून पुढे निवडी झाल्या. अँथनी रिचर्डसन फ्लोरिडात १३ सामने सुरुवातीपासून खेळला, टक्का ५४.७, आणि २०२३ मध्ये इंडियानापोलिसने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. २०२४ मध्ये त्याचा टक्का होता ४७.७. चुकीचे पास पायांमुळे चुकतात की नजरेमुळे, हे आधी वेगळं करावं लागतं. पाय ढिसाळ असतील तर चूक एकाच दिशेला जाते, बहुधा उंच, आणि ती दुरुस्त होऊ शकते. चूक दर वेळी वेगळ्या दिशेला जात असेल तर आशा धरायला जागा फार थोडी.

"उंची, पंजा, सगळं थोतांड."

माप हे उत्तर मानलं तर थोतांडच. जो बरोचा पंजा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, ९ इंच, माहोम्सचा सव्वानऊ. ब्रीझ सहा फूट, विल्सन आणि कायलर मरे त्याहून बुटके. पण माप प्रश्न म्हणून वापरता येतं. पंजा लहान असेल तर ओल्या आणि गारठलेल्या सामन्यांत चेंडू किती वेळा निसटला ते मोजा. उंची कमी असेल तर दोन हॅशच्या मधल्या पट्ट्यात, दहा ते वीस यार्डांवर, तो किती पास टाकतो ते बघा. टाकत नसेल तर त्याला तिथलं दिसत नाही, आणि एनएफएलचे बचावपटू महिन्याभरात तो पट्टा मोकळा सोडून कडा आवळतात. टाकत असेल तर उंचीचा विषय संपला.

वंडरलिक चाचणीबद्दल मात्र फिरता मजकूर बरोबर आहे. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवण्याचा आणि ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंनी केलेली चाल) ओळखण्याचा संबंध कधी दिसला नाही, आणि २०२२ पासून ती कंबाइनमधून, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी-शिबिरातून, गेलीही.

"सॅक म्हणजे लाइनचा दोष."

आधी एक हिशेबातली गोम. कॉलेजच्या आकडेवारीत सॅकचे गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, पासिंगच्या नाही. त्यामुळे चेंडू धरून बसणाऱ्याचे पासिंगचे आकडे चकचकीत राहतात.

दोष कोणाचा ते कळायला साधा भागाकार आहे: दबाव आलेल्या चालींपैकी किती सॅकमध्ये संपल्या? दबाव येणं बऱ्याच अंशी लाइनवर, त्याचं सॅक होणं बऱ्याच अंशी क्वार्टरबॅकवर. शंभरात पंधरा उत्तम, वीसच्या आसपास चालेल, पंचवीसच्या वर धोका. कॉलेजातून व्यावसायिक खेळात हा आकडा इतर अनेक आकड्यांपेक्षा जास्त टिकून राहतो, कारण ती सवय आहे. लाइन इतकी फाटकी असू शकते की कोणीच वाचणार नाही, हे कबूल: २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्या संघात डेव्हिड कार ७६ वेळा सॅक झाला. पण २०२३ मध्ये वॉशिंग्टनकडून ६५ वेळा सॅक झालेला सॅम हॉवेल नॉर्थ कॅरोलिनातही चेंडू धरून ठेवत असे. बातमी जुनीच होती.

"गुणी खेळाडू कुठेही चमकतो."

२०१८च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. दहावा निवडलेला जॉश रोझेन ॲरिझोनात एक वर्ष खेळला. प्रशिक्षक बदलला, संघाने पुढच्याच वर्षी मरेला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि रोझेनला मायामीला धाडलं. तिसरा निवडलेला सॅम डार्नोल्ड न्यू यॉर्कमध्ये अपयशी ठरला, २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याच्यासह १४ सामने जिंकले. पहिला निवडलेला बेकर मेफिल्ड क्लीव्हलँडहून निघून टँपात स्थिरावला. माहोम्सला २०१७चं जवळजवळ अख्खं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकायला मिळालं. ज्याला आपण चुकलेली निवड म्हणतो तिच्यात निवडीची चूक किती आणि वाढवण्याची किती, हे वेगळं न करता "लॉटरी" म्हणणं म्हणजे पेरणी केल्यावर पाणी न घालता बियाण्याला नावं ठेवणं.

राहता राहिला या मजकुराचा लाडका दाखला: सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स घेतला आणि पुढच्या वर्षी शेवटच्या क्रमांकावर पर्डी. तेच स्काउट, तोच प्रशिक्षक, निकाल उलटे. पण दोघांच्या फायली शेजारी ठेवा. लान्स नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये खालच्या विभागात १७ सामने सुरुवातीपासून खेळला, त्यातला २०२० मध्ये कोविडमुळे एकच. पर्डी आयोवा स्टेटमध्ये चार मोसमांत चाळीसहून अधिक. लान्सबद्दलचा अंदाज मुळातच रुंद होता. तो फार चांगला निघू शकत होता आणि फार वाईटही, आणि सांगायला पुरेशा चालीच नव्हत्या. त्याच्यासाठी संघाने त्या वर्षीची बारावी निवड, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक, एवढं दिलं. २०२२च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये डॅलसने त्याच्या बदल्यात चौथ्या फेरीची एक निवड दिली.