फाटके की धड?

स्कूबा डायव्हिंग करणारे पायात फिन, म्हणजे बदकाच्या पंजासारखी लांब पाती, चढवतात आणि त्यावरून त्यांच्यात दोन पंथ आहेत. एक स्प्लिट फिनवाल्यांचा. यांच्या फिनचं पातं मधोमध उभं चिरलेलं असतं. दुसरा पॅडल फिनवाल्यांचा. यांचं पातं अखंड, ताठ आणि बहुधा काळं. पहिले आपले गुडघे किती सुखात आहेत ते सांगतात. दुसरे, पहिल्यांना पोहता येत नाही असं सांगतात. स्वतःचे फिन विकत घ्यायचं मी ठरवलं आणि दोन्ही पंथांचे महंत मला तारकर्लीच्या एकाच बोटीवर भेटले.

स्प्लिटवाल्या काकांनी आधी शास्त्र समजावलं. चिरेमुळे पात्याचे दोन भाग झाले, की प्रत्येक भाग किंचित पिळतो आणि प्रोपेलरच्या पात्यासारखा काम करतो. पाणी अडत नाही, पायावर भार येत नाही. फक्त छोट्या छोट्या, भराभर लाथा मारायच्या. पॅडलवाल्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि आपला जेट फिन माझ्या मांडीवर ठेवला. ‘उचला,’ म्हणाला. उचलला. भरीव रबर! हे मॉडेल १९६५ पासून बाजारात आहे आणि ते का टिकलं, हे त्या वजनावरूनच कळतं. विमानात पंधरा किलोचं सामान न्यायचं, त्यात हे दोन दगड घातले तर कपडे अंगावरचेच, असं मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, ‘डायव्हरला कपडे कशाला लागतात?’

बोटीवर दोन्ही प्रकारचे भाड्याचे फिन होते. मग दोन्ही घालून पाहिले.

आधी पॅडल. पाण्याने पाय धरून ठेवल्यासारखं वाटत होतं, पण प्रत्येक लाथेला माणूस खरोखर पुढे जात होता. दुसऱ्या दिवशी घरचा जिना मी कठडा धरून, आडवा उतरलो. गुडघ्यांनी आपलं मत नोंदवलं होतं.

मग स्प्लिट. काय सांगू! पायात काही आहे असंच वाटेना. छोट्या लाथा, मऊ गती, पोटरीत गोळा नाही. मालवणच्या समुद्रात तळाला वाळू आणि गाळ, पाणी नितळ असलं तरी चार-सहा मीटरपलीकडचं काही दिसेलच असं नाही. अशा ठिकाणी मी तळालगत भराभर लाथा मारत मजेत चाललो होतो. मागे वळून पाहिलं तर मागच्या मंडळींच्या जागी नुसता गाळाचा ढग. म्हणून तळाशी बेडकासारखे पाय मारायचे असतात, म्हणजे पाणी मागे जातं, खाली नाही. स्प्लिट घालून बेडूक व्हायचा प्रयत्न केला, तर पात्याचे दोन भाग दोन दिशांना गेले आणि मी होतो तिथेच.

हेही चाललं असतं, पण समोर खडक आला. खडकावर काळे, लांब काट्यांचे सी अर्चिन. पॅडलवाले अशा वेळी पायांची एक ऐटदार हालचाल करून उलटे सरकतात. मीही केली. पाती फडफडली. अर्चिन जवळ येत राहिले. शेवटी इन्स्ट्रक्टरने मला मागून टाकीला धरून खेचलं, तेव्हा कुठे काटे आणि माझं पोट यांच्यात सभ्य अंतर पडलं. वर आल्यावर तो म्हणाला, ‘ओ काका, सायकल कित्याक चालवतास?’ बोलता बोलता माझ्या फिनच्या चिरेत अडकलेला तंगूसाचा तुकडा तो सोडवत होता. कुणा मासेमाराच्या जाळ्याचा असावा. अखंड पात्यात असलं काही अडकत नाही, हे पॅडलवाल्याने तेवढ्यात सांगून घेतलं.

खरं सांगायचं तर हा सगळा वाद पाण्याखालच्या पाऊण तासाचा. बोटीवरच्या हालांबद्दल दोन्ही महंत गप्प. हलत्या फळीवर, पाठीवर टाकी घेऊन, कमरेला शिसं बांधून ओल्या बुटावर मागचा पट्टा चढवायचा, तो निसटून कपाळावर बसू द्यायचा नाही, मग उलट्या पावलांनी काठापर्यंत जायचं. तिथे चिरलेलं पातं आणि अखंड पातं सारखीच छळतात. माझ्या मते फिनला स्प्रिंगचा पट्टा असणं, हे पातं कसलं आहे यापेक्षा दहापट महत्त्वाचं. पण यावर पंथ निघत नाहीत.

शेवटी घेतले स्प्लिट. डोकं पॅडल म्हणत होतं, पण पोहायचं गुडघ्यांनी होतं. स्प्रिंगचा पट्टा मात्र हट्टाने मागून घेतला.

खोकं घरी आलं. आईने फिन उजेडात धरला, चिरेतून बोट आरपार घातलं आणि म्हणाली, ‘अरे, हे फाटकं दिलंय तुला! एवढे पैसे मोजलेस, निदान बघून तरी घ्यायचं.’

मी प्रोपेलरचं शास्त्र सुरू केलं. तिने ते पूर्ण होऊ दिलं नाही.

‘नाक्यावर चपला शिवणारा बसतो ना, त्याच्याकडे दे. दोन टाके घालील.’

दोन टाक्यांत स्प्लिटचं पॅडल होतं, ही गोष्ट बोटीवर एकालाही सुचली नव्हती.