एक काय ते ठरव

परवा 'भरत'ला, म्हणजे भरत नाट्य मंदिरात, प्रयोग बघून बाहेर पडले, गाडी काढत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "ताई, दोन मिनिटं आहेत का?" इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. महिन्यापूर्वी कर्वे रोडवरच्या एका ओपन माइकला आम्ही एकापाठोपाठ एक स्टेजवर गेलो होतो, ओळख तेवढीच. तबला शिकतो, मध्यमा परीक्षा झालीय. कॉलेजच्या एकांकिका लिहितो. सहा महिन्यांपासून मराठीत स्टँडअप करतो. आणि घरचे, तबल्याचे सर, मित्र, सगळे त्याला एकच सांगतायत : एक काय ते ठरव.

"तुम्ही पेटी वाजवता, लिहिता, कॉमेडीही करता. तुम्ही नाही का ठरवलंत?"

मी हेल्मेट चढवत म्हटलं, "अरे, आत्तापासून कशाला ठरवतोस? कर की सगळं. मजा कर." आणि निघाले.

टिळक रोडच्या सिग्नलला थांबले तेव्हाच चुटपुट लागली. पोरानं किती कळकळीनं विचारलं होतं. मी जे बोलले ते अर्धं खोटं होतं आणि उरलेलं अर्धं आळसाचं. म्हणून आज नीट बसून लिहितेय. त्याला टॅग करत नाही, पण तो वाचेल.

माझे आजोबा नारदीय कीर्तन करायचे. शनिवार पेठेतल्या एका छोट्या देवळात चातुर्मासात त्यांची कीर्तनं असायची. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण, मग बुक्का-हार, मग उत्तररंगात आख्यान. दीड-दोन तास हा एकटा माणूस उभा. गायचा, मधेच गाणं सोडून गोष्ट सांगायचा, गोष्टीतल्या सावकाराची नि त्याच्या बायकोची नक्कल करायचा, साकी, दिंडी अशा वृत्तांतल्या रचना म्हणायचा, त्यातल्या कितीतरी स्वतः रचलेल्या. समोरच्या बायका पदरानं डोळे पुसायच्या आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच पदराआड हसायच्या. बुवा, तुम्ही गवई की लेखक की विनोदी वक्ते, असं त्यांना कुणीही विचारलेलं मला आठवत नाही. कीर्तनकार म्हटलं की त्यात सगळं आलं.

ते गेल्यावर त्यांची वही माझ्याकडे आली. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या खतावणीसारखी लांबट. सुदाम्याच्या आख्यानाचं पान माझं पाठ झालंय. मधे शाईनं लिहिलेला मजकूर आणि समासात शिसपेन्सिलीच्या खुणा. सुदामा पुरचुंडी लपवतो तिथे समासात 'भीमपलास, मध्य लय'. त्याच्या वर, सुदाम्याची बायको शेजारणीकडे पोहे मागायला जाते तिथे 'हसतील. थांबणे.' आणि लपवण्याच्या चार ओळी खाली, कृष्ण पुरचुंडी ओढून घेतो तिथे 'हसू नयेत. हळू.' आणि त्या शेजारी, नंतर कधीतरी वेगळ्या पेन्सिलीनं : 'गेल्या वेळी घाई झाली.'

एकाच पानावर राग, हशा आणि शब्द. आणि चूक लिहून ठेवणारा माणूस. मला वाटतं, या प्रश्नावर मला जे सांगायचंय ते सगळं त्या पानावर आहे. पण तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून पुढे लिहिते.

'एक काय ते ठरव' हा सल्ला जणू आपल्या पूर्वजांनी दिलाय अशा सुरात लोक देतात. आपली परंपरा मात्र अगदी उलटं सांगते. एकनाथांचं भारूड घ्या. सोळाव्या शतकातला तो माणूस विंचू चावल्यावर बोंबलणाऱ्याचं सोंग आणतो, लोकांना हसवतो आणि हसता हसता कामक्रोधाचं विष उतरवायला बसवतो. ते गायचं असतं, ते करून दाखवायचं असतं, आणि ते अव्वल लिहिलेलं असतं. तमाशा घ्या. गण, गौळण झाली की बतावणी, मग वग. त्यातल्या सोंगाड्याला तालाची जाण नसेल तर तो दोन मिनिटं टिकणार नाही, कारण त्याचा प्रत्येक टोला ढोलकीशी बोलत असतो. आणि आपल्या पुण्यात, ३१ ऑक्टोबर १८८० ला, अण्णासाहेब किर्लोस्करांनी आनंदोद्भव नाट्यगृहात शाकुंतलाचा पहिला प्रयोग लावला तेव्हा पदं त्यांनीच रचली, नाटक त्यांनीच बसवलं, स्टेजवरही तेच उभे राहिले. त्या पदांमधल्या साक्या आणि दिंड्या कीर्तनातून आलेल्या. म्हणजे माझ्या आजोबांच्या वहीची पणजीच म्हणायची.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. "हो, पुलंनी सगळं केलं. पण ते पुलं होते."

होते ना. पण नीट बघा तरी त्यांनी ते कसं केलं. 'गुळाचा गणपती' १९५३ चा. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, सगळं त्यांचं. भीमसेनांनी गायलेलं 'इंद्रायणी काठी' त्यातलंच, चाल पुलंची. तेव्हा ते चौतिशीच्या आत होते. ही एका रात्रीतली किमया वाटते खरी, पण पेटी त्यांच्या हाताखाली शाळकरी वयापासून होती. मोठमोठ्या गवयांसमोर बसून ऐकणं होतं, साथ करणं होतं, नाटकात कामं होती, वर्गात शिकवणं होतं. प्रत्येक गोष्टीला त्यांनी वेगवेगळी वर्षं दिली होती. आणि पुढे एकट्यानं रंगमंचावर प्रयोग करायला लागले तेव्हा तिकिटांपासून हिशेबापर्यंत सगळी शिस्त सुनीताबाईंनी सांभाळली, हेही विसरू नका. कुणीतरी ते ओझं उचलतं तेव्हाच दुसऱ्याचे हात मोकळे राहतात. मी बाई आहे, नोकरी करते, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी आहे. हा मुद्दा मला सोडता येत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण त्या मुलाला खरं तर हे ऐकायला हवं होतं.

पंचविशी ते तिशी अशी पाच वर्षं मी तिन्ही गोष्टी करत होते, आणि त्या पाच वर्षांत एकही पुढे गेली नाही. व्हायचं असं, की यमन रागाचा विस्तार करताना गंधाराच्या पुढे काही सुचेना झालं की मी पेटी मिटायची आणि लिहायला बसायची. लेख दोन पानांवर अडला की वाटायचं, हा विषय बोलायला जास्त चांगला आहे, ओपन माइकला घेऊन जाऊ. तिथे हशा आला नाही की दुसऱ्या दिवशी मला अचानक रियाजाची ओढ लागायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय उत्साह आहे या बाईला! तो उत्साह नव्हता. जिथे दुखायला लागतं तिथून मी उठून जात होते, आणि जायला माझ्याकडे कायम आणखी दोन खोल्या होत्या.

माझ्या गुरुजींनी ते पकडलं. एके दिवशी यमन वाजवून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी हा जिथे होता तिथेच आहे गं." आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. मी घरी येऊन खूप रडले. आणि त्यानंतर एक नियम केला, तो आजही पाळते : अडलं असताना उठायचं नाही. एखादी गोष्ट सोडायची असेल तर ती चांगली चालली असताना सोडायची.

पहाटे साडेपाच ते पावणेसात पेटी. मोबाइलवर तानपुरा, खोलीचं दार लावून, भाता हळू. मग डबे, मग बँक. बुधवारी संध्याकाळी माइक, रविवारी सकाळी लेखन. तीन कला म्हणजे तीन वेगळे रियाज, त्यात सवलत नाही. एकातला रियाज दुसऱ्यात धरला जात नाही. माझा सूर चांगला आहे म्हणून माझा परिच्छेद आपोआप चांगला होत नाही.

पण एक गोष्ट होते, आणि त्यासाठीच मला तिन्ही सोडवत नाहीत. एकीत शिकलेलं दुसरीत अचानक उगवतं. उदाहरण देते.

आई फोन ठेवताना कशी ठेवत नाही, यावर माझा एक तुकडा आहे. ती म्हणते, "बरं, ठेवते." मग शेजारच्यांच्या कुकरची बातमी. परत "बरं, ठेवते." मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मग तिसऱ्यांदा "बरं, ठेवते," आणि त्या वेळी ती खरंच ठेवते, नेमकं मला माझं काहीतरी महत्त्वाचं सांगायचं असतं तेव्हा. कागदावर मला हे छान वाटत होतं. स्टेजवर आठ वेळा केलं, आठही वेळा हशा यायचा तो निम्मा, ओढूनताणून. मी शब्द बदलले, कुकर काढून गॅसवाला घातला, काही उपयोग नाही.

माझ्या कार्यक्रमांना तबल्यावर साथ करणारा मित्र एकदा मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. त्याची बोटं मांडीवर चालू. बाहेर आल्यावर म्हणाला, "ही तिहाई आहे. आणि तू समेनंतरही वाजवतेयस."

मला क्षणभर कळेना. मग एकदम लख्ख दिसलं. तिहाईत एकच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. माझा तिसरा 'ठेवते' हीच सम होती. त्यावर मी थांबायला हवं होतं, आणि मी पुढे आणखी एक वाक्य बोलत होते, लोकांना समजावं म्हणून. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या 'ठेवते'मधलं अंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्यामधलं अंतर सारखं नव्हतं, त्यामुळे लोकांच्या कानाला समेची चाहूलच लागत नव्हती. घरी येऊन कुकर आणि गुडघा, दोन्ही हातावर मात्रा मोजत म्हणून पाहिले. गुडघ्यातलं एक अख्खं वाक्य उडवलं. शेवटचं स्पष्टीकरण काढून टाकलं. पुढच्या बुधवारी तिसऱ्या 'ठेवते'नंतर गप्प उभी राहिले. साधारण एक मात्रा काही झालं नाही, आणि मग सगळा कॅफे हसला. वीस वर्षं पेटी वाजवत आलेय, पण सम म्हणजे काय हे मला त्या रात्री अंगात कळलं.

त्यानंतर मी माझे जुने लेखही काढून वाचले. जवळजवळ प्रत्येकात समेनंतर एक परिच्छेद होता.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. माझं घर नोकरीवर चालतं. एका गणेशोत्सवात तासाभराचा कार्यक्रम केला, गाणी आणि मधे किस्से. संपल्यावर आयोजक म्हणाले, या वर्षी बजेट आटोपलं. शाल आणि श्रीफळ हातात. तबलजीचे दीड हजार मी माझ्या पर्समधून दिले. तेव्हापासून तारीख घेण्याआधी मानधन विचारते, आणि साथीदाराचं आधी. विचारायला लाज वाटते, हे खरं आहे. तरी विचारायचं.

आणि एक खंत आहे ती बोलून टाकते. या शहरात फिरोदिया करंडकासारखी स्पर्धा होते. एकाच सादरीकरणात गाणं, वाद्य, नाच, चित्र, अभिनय, सगळं गुंफायचं. महिनोन् महिने रात्री जागून पोरं तालमी करतात. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी 'भरत'बाहेर "आव्वाज कुणाचा" घुमतं तेव्हा अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. एकोणिसाव्या वर्षी आपण या मुलांना सांगतो, सगळं येऊ दे, सगळं एकत्र कर. बाविसाव्या वर्षी त्याच मुलांना सांगतो, पुरे आता, एक काय ते ठरव. आणि 'एक' म्हणजे बहुतेक वेळा त्या सगळ्याच्या बाहेरचं काहीतरी असतं. माझ्या वेळच्या आमच्या संघातली एक मुलगी अशी बासरी वाजवायची की तालमीत लोक चहा प्यायचे थांबायचे. मागच्या दिवाळीत भेटली. म्हणाली, बासरी माळ्यावर आहे, बहुतेक तडकली असेल. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. तिनं नोकरी धरली यात काही वावगं नाही, मीही धरलीच आहे. पण दिवसातला एक तास तिला कुणीतरी राखून द्यायला हवा होता, घरच्यांनी, आम्ही मैत्रिणींनी, कुणीतरी.

तर मित्रा, 'मजा कर' हे माझं उत्तर मागे घेते. ठरवू नकोस, पण पळूही नकोस. तबल्यात कायदा, म्हणजे विस्तारायची बोलांची रचना, अडला असेल तर त्या दिवशी एकांकिकेची वही उघडू नकोस. तुझे सर 'एक ठरव' म्हणतात तेव्हा त्यांना कदाचित तुझं हे उठून जाणं दिसत असेल, माझ्या गुरुजींना दिसलं तसं. त्यांना एकदा सरळ विचार, की माझं कुठे थांबलंय. ते सांगतील, आणि ऐकायला जड जाईल.

आणि त्या दिवशी तू केलेला हॉस्टेलच्या मेसचा तुकडा मला आठवतो. त्यात वाढप्या तीनदा "भाजी येतेय" म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तू काय बोललास ते आठवून बघ.

या रविवारी सकाळी दहाला मोकळा असलास तर घरी ये. आजोबांची वही काढून ठेवते. तबला माझ्याकडे काळी एक पट्टीचा आहे, तो चालणार असेल तर फक्त हातोडी घेऊन ये, माझी कुठे गेलीय सापडत नाहीये.