पाच आकड्यांचं कॉलेज

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या आणि प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सार तेच. विज्ञान महाविद्यालय पुढे चाललंय की नाही हे बघायला पाच आकडे पुरेत: नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, श्रेणी वाढली का, निकाल किती टक्के, शोधनिबंध किती छापले, सामंजस्य करार किती झाले आणि एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीत, नंबर कितवा. बाकी सगळ्या भावनिक गप्पा. अलीकडे त्याला शेपूटही जोडलं गेलंय: कॉलेजांनी आपला संस्थात्मक विकास आराखडा, म्हणजे आयडीपी, याच पाच आकड्यांवर बेतावा.

मी एका अनुदानित विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं आणि मधली काही वर्षं आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम पाहिलं. हे पाचही आकडे मी स्वतः भरलेले आहेत, रात्री अकरा वाजता, पोर्टल बंद पडायच्या भीतीने. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे, आणि थोडी लाजही आहे.

“श्रेणी वाढली, म्हणजे प्रगती झाली”

नॅक गुण देत आलं ते चारपैकी. २०१६ पर्यंत ३.०१ ते ४.०० या सगळ्या पट्ट्याला एकच श्रेणी होती, ए. मग शिडीला जादा पायऱ्या बसवल्या गेल्या: ३.०१ ते ३.२५ ला ए, ३.२६ ते ३.५० ला ए प्लस, त्यापुढे ए प्लस प्लस. आता समजा, एखाद्या कॉलेजला २०१४ साली ३.४५ गुण होते. श्रेणी ए. पुढच्या फेरीत ३.३० मिळाले. श्रेणी ए प्लस. गुण उतरले, श्रेणी चढली, आणि गेटवर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर खोटं काहीच नाही, हीच त्यातली गंमत.

एवढ्यावर भागत नाही. २०१७ मध्ये मोजायची रीतच बदलली. आधी पीअर टीम, म्हणजे बाहेरच्या प्राध्यापकांची पाहणी समिती, यायची, दोन-तीन दिवस फिरायची आणि मुख्यतः तिच्या मतावर गुण ठरायचे. नंतर जवळपास सत्तर टक्के भार पोर्टलवर भरायच्या आकड्यांवर आला आणि ते आकडे तपासायला डीव्हीव्ही ही पडताळणी आली. जिओटॅग केलेल्या फोटोंचा सुकाळ झाला तो तेव्हापासून. वृक्षारोपणाला रोप नसलं तरी चालेल, फोटोत अक्षांश-रेखांश हवेत, असा विनोद आमच्या स्टाफरूममध्ये चालायचा. मुद्दा असा की जुन्या फेरीची श्रेणी आणि नव्या फेरीची श्रेणी शेजारी मांडून कॉलेज वाढलं म्हणणं हे एका वर्षीचं धान्य शेराने आणि दुसऱ्या वर्षीचं किलोने मोजून पीक वाढलं म्हणण्यासारखं आहे.

या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हाही प्रश्न आता खासगीतला राहिलेला नाही. नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकनातल्या गैरप्रकारांकडे बोट दाखवत २०२३ मध्ये पद सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने एका पाहणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना लाचेच्या प्रकरणात अटक केली. आरोप ए प्लस प्लस श्रेणीसाठी पैसे घेतल्याचा. म्हणून सगळ्या श्रेण्या विकतच्या, असं मी म्हणणार नाही. बहुतेक कॉलेजांत माणसं खरोखर रक्ताचं पाणी करून कागद जमवतात. पण केंद्राने नेमलेल्या डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनंतर, २०२४ च्या सुरुवातीला नॅकने ही श्रेणींची शिडीच काढून पहिल्या टप्प्यात ‘मान्यता आहे किंवा नाही’ एवढंच सांगायचं ठरवलं. देणाऱ्यालाच जी नकोशी झाली, त्या शिडीवर पाच वर्षांचा आराखडा कसा उभा करायचा?

“निकाल नव्वद टक्के, आणखी काय हवं?”

इथे अंश खरा असतो. फसवतो तो छेद.

नॅकच्या नमुन्यात उत्तीर्णांची टक्केवारी काढताना छेदात येतात ते शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी. एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, प्रवेश घेतलेले नव्हेत. हिशेबाला गोल आकडे घेऊ. एफवाय बीएस्सीला २४० जण आले, टीवायच्या परीक्षेला १४० बसले, १२६ पास झाले. फाइलमध्ये नव्वद टक्के. पण आत आलेल्या २४० पैकी १२६ म्हणजे साडेबावन्न टक्के. मधली शंभर मुलं कुठल्याच तक्त्यात नाहीत.

यातल्या काहींचं जाणं ठरलेलंच असतं. सीईटीच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे प्रवेशफेरीत, फार्मसीला किंवा इंजिनिअरिंगला नंबर लागला की मुलं दाखला घेऊन जातात, बीएस्सी हा त्यांच्यासाठी एसटी स्टँडवरचा बाक असतो. त्यात कॉलेजचा दोष नाही. पण बाकीच्यांचं काय? एका वर्षी आम्ही तिघांनी यादी घेऊन गळालेल्या मुलांना फोन लावले. एटीकेटी म्हणजे मागे राहिलेले विषय, घरची अडचण, मुलीचं लग्न ठरलं, ही उत्तरं अपेक्षितच होती. एक नव्हतं. एकाच रस्त्यावरच्या दोन-तीन गावांतली मुलं तेच सांगत होती: दुपारचं प्रॅक्टिकल सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून जाते. प्रॅक्टिकल बुडलं की जर्नल अपुरं, जर्नल अपुरं की सर्टिफाय होत नाही, मग परीक्षा नाही. मुलं नापास झालीच नव्हती, त्यांची गाडी चुकत होती. पुढच्या सत्रात त्या मुलांची बॅच सकाळी घेतली.

नॅकच्या सातही निकषांत या बदलाला रकाना सापडला नाही. मी शोधला होता.

आता नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे. सोय चांगली आहे. पण कालची गळती उद्या ‘एक्झिट’ म्हणून यशाच्या रकान्यात जाऊन बसू शकते, हे तिच्यासोबत येतंच. ते टाळायचं तर बॅच धरून मोजावं लागेल: या जूनला आत आलेल्यांपैकी तीन-चार वर्षांनी किती जण पदवी घेऊन गेले, किती कुठे गेले आणि का गेले. रजिस्टर ऑफिसात असतंच. ते उलटं वाचायची सवय नाही.

“शोधनिबंध वाढले, म्हणजे संशोधन वाढलं”

या वाक्याने महाराष्ट्रात जितकं नुकसान केलंय तितकं दुसऱ्या कुठल्या वाक्याने केलं असेल असं मला वाटत नाही. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, याच्या २०१० च्या नियमांनी एपीआय ही प्राध्यापकांची गुणमोजणी आणली. निबंधाला गुण, गुणांवर बढती. कॉलेजात ना जर्नल्स, ना उपकरणं, ना वेळ. तरी निबंध हवेतच. मग पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं उगवली. त्यांच्या नावात हमखास ‘इंटरनॅशनल’ असायचं आणि पत्ता एखाद्या फ्लॅटचा. यूजीसीने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, तर विद्यापीठांच्या शिफारशींवरून त्यात नेमकी हीच मंडळी घुसली. याच पटवर्धनांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, इतरत्र कुठे नोंद नसलेल्या नियतकालिकांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मे २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नावं एका फटक्यात उडवली. २०१९ मध्ये केअर नावाची नवी यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली.

आता एखाद्या कॉलेजचा संशोधनाचा आलेख डोळ्यांसमोर आणा. २०१७ ला उंच, २०१९ ला खाली. तिथल्या संशोधनात तेवढ्या काळात काय बदललं? काहीच नाही. यादी बदलली.

मजकूर लिहिणाऱ्याने नॅकचाच तक्ता नीट पाहिला असता तरी पुरलं असतं. २०१७ च्या चौकटीत हजारपैकी संशोधनाला विद्यापीठासाठी २५० गुण होते. संलग्न महाविद्यालयासाठी ११० ते १२०, आणि अध्यापन व मूल्यमापनाला ३५०. म्हणजे तपासणाराही म्हणत होता की बाबांनो, तुमचं मुख्य काम शिकवणं आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना २००८ पासून पदवीच्या प्रयोगशाळांना पैसे देते ते मुलांचे हात प्रयोगाला लागावेत म्हणून, सरांचा बायोडाटा वाढावा म्हणून नव्हे. एखाद्या तालुक्याच्या कॉलेजला संशोधनात पुढे जायचं असेल तर त्याने हे मोजावं: टीवायच्या किती मुलांनी प्रकल्पातली मापनं स्वतः घेतली आणि किती जणांनी गेल्या वर्षीचा बाइंड केलेला प्रकल्प पुन्हा टाइप केला. विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटचं तीन वर्षं सलग घेतलेलं मोजमाप कुठेही छापलं गेलं नाही तरी ग्रामपंचायतीच्या उपयोगाचं असतं.

“करार बघा, कंपन्यांशी नातं कळतं”

करारांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. सामंजस्य करारात दोन सह्या, एक फोटो आणि एक शाल लागते. नॅकने ‘कार्यरत’ करार मागायला सुरुवात केल्यावर प्रत्येक करारासाठी वर्षाकाठी एक अतिथी व्याख्यान होऊ लागलं. करारांची संख्या विचारण्याऐवजी त्या कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आपली किती मुलं महिनाभर उभी राहून आली, तेवढं विचारा. उत्तर बहुधा एका ओळीत मावतं.

“एनआयआरएफचा नंबर तरी खोटं बोलत नाही”

बोलत नाही, पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो. नंबर हा दुसऱ्यांच्या तुलनेतला असतो. तुम्ही जागच्या जागी उभे असलात आणि शेजारच्या चार कॉलेजांनी यंदा पहिल्यांदा माहिती भरली, तर तुम्ही चार पायऱ्या खाली. देशात ४० हजारांहून अधिक महाविद्यालयं आहेत आणि त्यातली बहुसंख्य या स्पर्धेत उतरतच नाहीत. माहिती ज्याची त्याने भरायची. शिवाय दहा टक्के भार ‘परसेप्शन’चा, म्हणजे इतर प्राध्यापक आणि नोकरी देणारे तुम्हाला किती ओळखतात त्याचा. दिल्लीचं मिरांडा हाउस २०१७ ते २०२३ सलग पहिलं होतं. तिथलं काम चांगलं आहेच. पण कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातल्या, पहिल्या पिढीच्या मुलांना शिकवणाऱ्या कॉलेजला देशभरचा कुठला नोकरदाता ओळखणार आहे? त्या कॉलेजच्या आराखड्यात ‘पहिल्या शंभरात येणे’ असं ध्येय मी वाचलंय. ते वाचून मला तिथल्या प्राचार्यांची काळजी वाटली.

“बाकी भावनिक गप्पा”

हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण याच्या उलट बाजूला आमचेच काही सहकारी उभे असतात: शिक्षण मोजता येत नाही, सगळी मोजणी थोतांड. तेही मला पटत नाही. आम्ही विज्ञानवाले आहोत. ब्युरेटचं रीडिंग दोनदा जुळेपर्यंत मुलांना सोडत नाही, आणि स्वतःच्या कॉलेजचं रीडिंग मात्र घ्यायचं नाही?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आयडीपीबद्दल जे म्हटलंय ते साधं आहे: संस्थेने आपला आराखडा करावा, त्यावरून आपली प्रगती आपणच तपासावी, आणि त्यात ठरवलेल्या ध्येयांपर्यंत पोहोचावं. यात ध्येय आधी येतं, आकडा मागून. फिरणाऱ्या मजकुरात आकडे आधीच ठरलेत, ध्येय त्यांच्या मापाने शिवायचं. आणि आज कुठे उभे आहोत याची नोंद तर कुठेच नाही. बहुतेक आराखड्यांत ‘प्रयोगशाळा अद्ययावत करणे’ असं वाक्य असतं आणि वर्षअखेरीस त्यापुढे खर्चाचा आकडा येतो. खर्च झाला, वस्तूंच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, ध्येय साधलं. प्राध्यापकांच्या निम्म्या जागा रिकाम्या, प्रॅक्टिकल तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोरांच्या खांद्यावर, त्यांचं मानधन महिनोन्महिने अडकलेलं, हे त्या रजिस्टरला दिसत नाही.

आमच्याकडे यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, होता, चांगला, अनुदानातून घेतलेला. एक दिवस मी एसवायच्या बॅचला घेऊन गेलो आणि प्लॅस्टिकच्या कव्हरला हात घातला, तेवढ्यात लॅबमधले मामा धावत आले. “सर, कव्हर काढायचंय? कमिटी आलीय का?” लॉगबुक उघडलं. शेवटची नोंद मागच्या पीअर टीमच्या भेटीच्या तारखेची.

त्या वर्षी विभागाच्या आराखड्यात आम्ही ‘अद्ययावत करणे’ खोडलं आणि एक ओळ लिहिली: एसवायच्या प्रत्येक विद्यार्थ्याची, स्वतः घेतलेल्या रीडिंगची, स्वतःच्या सहीची नोंद मार्चपर्यंत लॉगबुकात असेल. ते साधलं नाही. डिसेंबरात यंत्रातला ड्युटेरियमचा दिवा गेला, नव्या दिव्याचं कोटेशन तीन महिने टेबलावरून टेबलावर फिरलं. मार्चमध्ये वही उघडली तेव्हा कोणाच्या सह्या आहेत, कोणाच्या नाहीत आणि नोंदी कुठल्या तारखेला थांबल्या, हे सगळं त्यात होतं. ती वही घेऊनच मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. दिवा एप्रिलमध्ये आला.