आधी नवऱ्याला बाहेर बसवा

गावाकडच्या ग्रुपवर परवा जुंपली होती. मार खाल्लेली बाई कॅज्युअल्टीत आली की डॉक्टरनं लगेच पोलिसांना कळवावं, का "नवराबायकोचं भांडण" म्हणून पट्टी करून सोडावं? मी इंग्लंडात इमर्जन्सीत नर्स आहे, आणि मला दोन्ही बाजू सारख्याच बिनकामाच्या वाटल्या, कारण त्या बाईला काय हवंय हे कुणीच विचारत नव्हतं.

इथे आधी तिला एकटीला गाठतात. "एक्स-रे आहे, तुम्ही बाहेर बसा", नाहीतर युरिन सॅम्पलचं निमित्त. जिन्यावरून पडले म्हणते पण वळ असतात कोपराखाली हाताच्या बाहेरच्या अंगाला, मार अडवायला हात वर केला की लागतो तिथे, आणि प्रत्येक प्रश्नाला नवराच उत्तर देत असतो. इंग्रजी येत नसेल तर फोनवर दुभाषी, सासूला किंवा नवऱ्याला मध्ये घ्यायचं नाही. पोलिसांना कळवायचं का ते सहसा तीच ठरवते, जिवाला धोका असेल किंवा घरात लेकरं असतील तर गोष्ट वेगळी.

आपल्या पोरी तरी गप्पच बसतात, "व्हिसा कॅन्सल करीन" ही धमकी असते ना. खरं तर फेब्रुवारी 2024 पासून वर्क किंवा स्टुडंट व्हिसावाल्याच्या डिपेंडंट बायकोलाही छळामुळे संसार मोडला तर अर्ज करून तीन महिने नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून न राहता, स्वतःच्या नावावर इथे राहता येतं, सरकारी मदतही मागता येते. लेक इकडे पाठवणाऱ्यांनी एवढं तरी तिला सांगून ठेवा.

पण "फॉरेनला बघा" असं मी म्हणणार नाही. इथल्याही काहीच हॉस्पिटलांत यासाठी खास माणूस असतो, सगळीकडे नाही, आणि रात्री दोनला तर विसराच. उलट मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं 2000 सालीच 'दिलासा' केंद्र काढलं, दवाखान्याच्या आतच, म्हणजे बाईला घरी "डॉक्टरकडे जाते" एवढंच सांगून समुपदेशकाकडे जाता येतं. ग्रुपवर कुणाला हे माहीतच नव्हतं! 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर दवाखान्यानं उपचार द्यायलाच हवेत असं आहे, "आधी पोलीस स्टेशनला जाऊन या" म्हणून परत पाठवता येत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात निदान एका सिस्टरला याचं ट्रेनिंग द्या आणि दार लागेल अशी एक खोली द्या, आणि केसपेपरवर "पडून लागले" न लिहिता कुणी मारलं, कशानं मारलं ते तिच्याच शब्दांत लिहा. आज तक्रार नसेल करायची तिला, पण दोन वर्षांनी कोर्टात तोच कागद लागतो.